संदर्भ क्रमांक चौदा

१

रोज सकाळी पावणेसातला मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसतो आणि काल जगात किती लोकांनी माझं नाव घेतलं ते बघतो. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. तनुजा सदाशिव पेठेत जन्मली, तिथंच वाढली आणि लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून तिथंच राहायला आली. त्यामुळे तिच्याकडून यापेक्षा गोड बोलण्याची अपेक्षा मी पस्तीस वर्षांत ठेवलेली नाही.

"काय म्हणतंय जग?" ती स्वयंपाकघरातून विचारते.

"दोनानं वाढलं."

"अरे वा. मग आज दळण टाकून यायला हरकत नाही."

मी सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा माणूस. मूळचा परभणीचा, नाव वैजनाथ गुट्टे. विद्यापीठाच्या पलीकडे आमची छोटी संशोधन संस्था आहे, तिथं ऑगस्टअखेर मी निवृत्त होणार होतो. आमच्या धंद्यात एखाद्यानं आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी तुमच्या निबंधाचा संदर्भ दिला की तो मोजला जातो. या मोजणीवर बढती मिळते, परदेशवाऱ्या मिळतात आणि निवृत्त होताना शालही कोणत्या प्रतीची मिळणार ते ठरतं. माझे एकूण एकाहत्तर निबंध आहेत. त्यातले सत्तर एका पारड्यात टाकले तरी उरलेला एक जड भरतो.

तो एक म्हणजे १९९८ सालचा चार पानांचा निबंध. मी आणि श्यामसुंदर राजहंस, दोघांनी मिळून लिहिलेला. काचेसारख्या विस्कळीत पदार्थात उष्णता कमीत कमी किती वेगानं पसरते, याची एक मर्यादा त्यात आम्ही काढली होती. तिला जगभर गुट्टे–राजहंस मर्यादा म्हणतात. इंग्रजी वर्णक्रमात माझं आडनाव आधी येतं, एवढंच त्या क्रमाचं कारण आहे, पण लोकांना वाटतं मुख्य काम माझं. मी ते कधी फारसं खोडून काढलं नाही. श्यामसुंदर नऊ वर्षांपूर्वी गेला.

जुलैतल्या एका मंगळवारी आकडा होता एक हजार नऊशे बारा. मी खाली सरकत गेलो. एकाहत्तरच्या खाली बहात्तरावी ओळ होती.

'गुट्टे, राजहंस. तयारीत.' साल नाही, नियतकालिकाचं नाव नाही. संदर्भ: एक.

हे काय आहे ते मला लगेच कळलं. चार पानांत सगळी आकडेमोड मावत नाही, तेव्हा आम्ही लोक एक सोय करतो. 'सविस्तर सिद्धता लवकरच प्रसिद्ध करू, पाहा संदर्भ चौदा' असं लिहितो, आणि चौदा क्रमांकापुढं आपलीच नावं टाकून 'तयारीत' असं म्हणतो. सगळेच करतात. अशा निबंधांतले निम्मे पुढं कधीच लिहिले जात नाहीत. आमचा चौदा नंबरही लिहिला गेला नाही.

न लिहिलेल्या निबंधाचा कुणीतरी संदर्भ दिला होता. यंत्राचा घोटाळा असणार म्हणून मी लॅपटॉप मिटला आणि दळण टाकून आलो.

२

ऋतिका माझी शेवटची विद्यार्थिनी. हिंगोलीची, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली. सदाशिव पेठेतच तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. तिचा प्रबंध सप्टेंबरात सादर व्हायचा होता आणि त्याआधी, माझ्या निवृत्तीच्या आसपास, एका नव्या संस्थेत प्राध्यापकपदासाठी तिची मुलाखत होती. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आमच्या त्या मर्यादेवर उभं आहे. चौथं तिसऱ्यावर, आणि पाचवं चौथ्यावर.

आठवड्याभरानं ती माझ्या खोलीत आली.

"सर, तुमचा एक पेपर हवा होता. डाउनलोडच होत नाहीये."

"कुठला?"

"तो इन प्रिपरेशनवाला. आता तिघांनी साइट केलाय."

"तो नाहीच आहे, ऋतिका. आम्ही लिहिलाच नाही."

"पण सर, हे लोक त्यातली इक्वेशन्स कोट करतायत. एकानं बारा नंबरचं, एकानं पंधरा, एकानं सोळा."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिला निबंध चिलीतल्या कुणाचा होता. तिसऱ्या पानावर समीकरण छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'संदर्भ सात, समीकरण बारा.'

संगणक विभागाचा दत्तप्रसाद तेव्हा माझ्या खोलीत इंटरनेटची तार बघत होता. खराडीच्या आयटी कंपनीत सात वर्षं नोकरी केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी एक इश्यू असते.

"एआय आहे सर," तो टेबलाखालून म्हणाला. "हल्ली लोक त्याच्याकडून पेपर लिहून घेतात. ते खुशाल संदर्भ ठोकून देतं. तुमचा चौदा नंबर बिचारा रिकामा दिसला असेल त्याला."

हे स्पष्टीकरण मला फारच आवडलं. आवडलं म्हणून मी ते तपासायचं टाळलं असतं, पण ऋतिका समोर होती. त्या चिलीच्या माणसाला मी पत्र पाठवलं, की हा निबंध आपण कुठं वाचलात ते कळवावं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. निबंध वाचल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. फाइल मात्र सापडत नव्हती, सापडली की पाठवतो म्हणाला. शेवटी एक ओळ होती: तुमचे सहलेखक फार स्वच्छ लिहितात, त्यांना माझा नमस्कार सांगा.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बारावं समीकरण स्वतः सोडवून पाहिलं. ते अचूक होतं. आणि ते बाराव्या क्रमांकावरच यायला हवं होतं. कारण शेजारच्या खोलीतल्या फळ्यावर श्यामसुंदरनं अकरा ओळी लिहून ठेवल्या होत्या, आणि अकरावीनंतर येणारी ओळ हीच होती. हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

३

श्यामसुंदरची खोली माझ्या खोलीला लागून आहे. पूर्वी एकच मोठी खोली होती, मध्ये प्लायवूडची भिंत घालून दोन केल्या. तो गेल्यावर तिथं जर्नलांचे जुने बांधीव खंड आणून टाकले. संस्थेत सगळीकडे पांढरे बोर्ड आले, मार्कर आले. काळा फळा राहिला तो त्या एका खोलीत. त्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलेलं आहे, 'पुसू नये'.

आमच्याकडे हे दोन शब्द फार पाळले जातात. शास्त्रज्ञ एक वेळ पाळणार नाहीत, पण झाडलोट करणाऱ्या बायका पाळतात. आजारी पडण्याआधीच्या महिन्यात श्यामसुंदरनं त्या फळ्यावर चौदा नंबर स्वतःच लिहायला घेतला होता. हॉस्पिटलमध्ये तो मला म्हणाला, "वैजू, फळा पुसू देऊ नको." मी आमच्या मजल्याची झाडलोट करणाऱ्या सुंदराबाईंना सांगितलं. नऊ वर्षं त्या तिथल्या खंडांवरची धूळ झटकत होत्या आणि फळ्याला हात लावत नव्हत्या.

आता आमची कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. श्यामसुंदर फळ्याशी उभा राहायचा आणि मी मागे खुर्चीत बसायचो. तो एक ओळ लिहायचा, तिला क्रमांक द्यायचा आणि खडूनं फळ्यावर दोनदा टकटक करायचा. मग माझ्याकडे पाठ करून तसाच उभा राहायचा. मी "बरोबर" म्हटलं की पुढची ओळ. मी "चूक" म्हटलं तर तो खडू खालच्या पट्टीत ठेवायचा, वळायचा आणि विचारायचा, "कुठं?" दोन्हींपैकी काही ऐकू येईपर्यंत तो हलत नसे. एकदा मला डुलकी लागली तर वीस मिनिटं उभा राहिला होता.

१९९८च्या ऑक्टोबरात एका गुरुवारी आम्ही एकतिसाव्या ओळीवर आलो. तिथं त्यानं दोन अनंतांचा क्रम बदलला. पदार्थाचा आकार आधी अनंत मानायचा की काळ आधी अनंत मानायचा, याचा बहुतेक वेळा फरक पडत नाही. कधी कधी मात्र सगळा फरक तिथंच पडतो. त्यानं टकटक केलं. साडेचार वाजून गेले होते. पाचला संस्थेची बस सुटायची, ती चुकली की दोन बस बदलून घरी जावं लागे. परदेशातला एक गट आमच्या मागावर होता, निबंध दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "बरोबर."

तीन वर्षांनी चौदा नंबर लिहायला म्हणून मी एकटा बसलो तेव्हा मला कळलं, की ती ओळ चूक आहे. तिथं क्रम बदलता येत नाही. आणि ती ओळ गेली की मर्यादाही जाते.

मी गप्प बसलो. तोवर दोनशे लोकांनी आमचा संदर्भ दिला होता, मला बढती मिळाली होती. आधी सांगायची लाज वाटली, मग भीती वाटली, मग सवय झाली. श्यामसुंदर दर दिवाळीला विचारायचा, "चौदा नंबरचं काय करायचं?" मी म्हणायचो, "बघू." त्यानं ती ओळ पुन्हा कधी तपासली नाही. माझ्या शब्दावर ती त्याच्यापुरती पक्की झाली होती. याची मला आजही शरम वाटते.

तर, चिलीच्या पत्रानंतर दोन दिवसांनी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, मी शेजारच्या खोलीत खडूचा आवाज ऐकला.

मार्करला आवाज नसतो, त्यामुळे हा आवाज विसरायला झाला होता. खडू थांबत थांबत चालत होता. एक लांब रेघ, बहुधा अपूर्णांकाची. मग दोनदा टकटक. मग काही नाही.

मी बाहेर आलो. शेजारच्या दाराला कुलूप होतं. जिन्यापाशी सुंदराबाई फडकं पिळत होत्या.

"सर, बरं झालं भेटला," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत कोन येतंय? फळा भरत चाललाय."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माज्यापाशीच हाय की. दुसरी नाय."

त्यांनी दार उघडलं. आत जुन्या कागदांचा वास होता. खिडकी बंद होती. जमिनीवर धुळीत सुंदराबाईंच्या कालच्या पावलांशिवाय काही दिसत नव्हतं. फळ्यावर एकोणीस ओळी होत्या. सरळ, स्वच्छ अक्षर, प्रत्येक क्रमांकाभोवती छोटं वर्तुळ. श्यामसुंदर वर्तुळ घड्याळाच्या उलट्या दिशेनं काढायचा, त्यामुळे त्याचं टोक डावीकडे सुटायचं. इथंही सुटलं होतं.

फळ्यासमोर तीन हातांवर माझी जुनी लाकडी खुर्ची होती. तिच्यावर मात्र धूळ नव्हती.

"खुर्ची मी नाय पुसली," सुंदराबाई म्हणाल्या.

४

कुणीतरी थट्टा करतंय, असं मी चार दिवस स्वतःला पटवलं. थट्टा करणाऱ्याला भौतिकशास्त्र येत असलं पाहिजे, अक्षराची नक्कल येत असली पाहिजे आणि बंद दारातून जाता आलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी येणारे आमच्या संस्थेत पाच-सहा जण निघतील.

पाचव्या दिवशी तनुजाचा फोन आला. येताना काय आणायचं ते सांगत होती. "हो, बरोबर, दोन किलो," मी म्हणालो, आणि भिंतीपलीकडे खडू चालू लागला.

मी फोन ठेवला. ओळ पूर्ण झाली. टकटक.

मी भिंतीशी गेलो. मग भिंतीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणालो, "बरोबर."

खडू चालू लागला.

अशा तऱ्हेनं मला कळलं की आतापर्यंतच्या ओळींना संमती कुणी दिली होती. दिवसातून वीस वेळा मी हा शब्द उच्चारतो. फोनवर, शिपायाशी, ऋतिकाचं प्रकरण वाचताना. भिंतीपलीकडे त्यातला एखादाच पोचत असणार. आणि दर ओळीनंतर एक-दोन दिवसांत कुठून तरी, तैवान, पोर्तुगाल, रुरकी, तिचा संदर्भ यायचा. फळ्यावर सव्वीस ओळी, तर यादीत सव्विसाव्या समीकरणाचा उल्लेख. पुढचे दोन दिवस मी फार जपलो, तरी सवयीनं चार वेळा तोंडातून गेलंच. तीस झाल्या.

दुसरा शब्द मी एकदाही उच्चारून बघितला नाही. तो उच्चारला की श्यामसुंदर वळायचा.

तिसाव्या ओळीनंतर मी घरूनच काम करू लागलो. संदर्भ थांबले. तिसऱ्या दिवशी तनुजानं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली.

"निवृत्ती पुढच्या आठवड्यात आहे. सराव आत्तापासून कशाला?"

मी तिला खडूचं सांगितलं नाही. एकतिसाव्या ओळीचं सांगितलं. बसचंही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा मला कळलं की गोष्ट खरंच वाईट आहे.

"श्यामभाऊंना कधी सांगितलं नाहीत?"

"नाही. आता काय उपयोग?"

"त्या मुलीला तरी सांगा."

"सोमवारी तिची मुलाखत आहे. आत्ता सांगितलं तर ती तिथं काय बोलणार?"

"आणि नंतर सांगितलं तर?" तनुजा म्हणाली. "तुम्ही तीन वर्षांनी बघितलंत आणि बघून गप्प बसलात. नोकरी लागल्यावर ती बघणारच नाही. भात घ्या."

दुसऱ्या दिवशी ऋतिकाच्या मुलाखतीची तालीम घ्यायला मला संस्थेत जावंच लागलं. मी दुसरी खोली मागितली, पण शुक्रवारच्या माझ्या निरोप-परिसंवादासाठी सगळ्या खोल्या अडकल्या होत्या. माझ्याच खोलीत तिनं तिसरं प्रकरण मांडलं. छान मांडलं. मी फक्त मान हलवत होतो.

"इथं दोन अनंतांची अदलाबदल करायची," ती शेवटी म्हणाली, "आणि तुमची मर्यादा मिळते. बरोबर, सर?"

मी काही बोललो नाही. तिला वाटलं सर विचारात आहेत.

"बरोबरच आहे," तिनं स्वतःच म्हटलं आणि वहीत खूण केली.

भिंतीपलीकडे खडू चालू लागला. ही ओळ लांब होती. मध्ये दोनदा खडू फळ्यावरून उचलला गेल्यासारखा वाटला. मग टकटक.

"शेजारी कोण आहे सर?"

"जुनी जर्नलं हलवतायत."

तिनं वही बॅगेत टाकली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सर, तो चौदा नंबरचा पेपर मी वाचलाय की. उगाच तुमच्याकडे मागत बसले. आत्ता आठवलं."

"कुठं वाचलास?"

ती जरा विचारात पडली आणि हसली. "तेच आठवत नाहीये. पण अक्षर काय सुंदर होतं."

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे शांतता होती. कुणी तरी काही म्हणेपर्यंत ती तशीच राहणार होती. आणि आता ते म्हणू शकणारे आम्ही दोघं होतो, मी आणि ऋतिका.

५

शुक्रवारी माझा परिसंवाद. आमच्यात ही पद्धत आहे, की निवृत्त होणाऱ्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं, त्यांनी दिवसभर त्याच्या कामावर भाषणं द्यायची आणि चहानंतर उत्सवमूर्तीनं चार शब्द बोलायचे. शाल होती, श्रीफळ होतं. संचालकांनी सकाळी पडद्यावर माझ्या संदर्भांचा आलेख दाखवला. एक हजार नऊशे एकतीस. तनुजा पहिल्या रांगेत निळ्या साडीत बसली होती आणि आलेखाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

साडेतीनला माझं भाषण. तीन वाजून वीस मिनिटांनी चहाचा कप ठेवताना माझ्या लक्षात आलं की ऋतिका तिच्या जागेवर नाही.

"ती तुम्हालाच शोधत वर गेली सर," दत्तप्रसाद माइकची वायर गुंडाळत म्हणाला. "काहीतरी ओळ दाखवायची होती म्हणे."

मी जिना चढलो. पासष्टाव्या वर्षी जितका भराभर चढता येतो तितका चढलो. माझ्या खोलीचं दार बंद होतं. शेजारचं उघडं होतं.

ऋतिका माझ्या खुर्चीत बसली होती. मांडीवर वही, हातात पेन्सिल. तिची नजर फळ्यावर होती, आणि बसण्याची ढब अशी, की ती तिथं वर्षानुवर्षं बसत आली असावी.

"सर, बरं झालं आलात," ती मान न वळवता म्हणाली. "तुमच्या खोलीत बघायला आले, तर हे दार उघडं दिसलं. ही एकतिसावी बघा. मी दोनदा तपासली. मला वाटतं ही ब—"

"थांब."

मी इतक्या मोठ्यानं बोललो की तिची पेन्सिल खाली पडली.

"काही म्हणू नको. ऊठ आणि खाली जा. तनुजाताईंच्या शेजारी बस. मी आलो की तुला एक गोष्ट सांगायची आहे, मुलाखतीच्या आधी सांगायची आहे. फार वाईट वाटेल तुला. पण प्रबंध दुरुस्त होईल, मी करून देईन."

"सर, काय झालं?"

"जा ऋतिका."

ती उठली. गोंधळली होती, थोडी दुखावलीही होती. फळ्याकडे तिनं एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली. तिला फळ्यावर ओळींखेरीज काही दिसलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून उघड होतं.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची कोमट होती.

खंडांच्या ढिगाची सावली फळ्याच्या उजव्या टोकावर पडते. बसल्यावर, त्याच जुन्या उंचीवरून बघितल्यावर, तिथं मला त्याची पाठ दिसली. हिरवा बिनबाह्यांचा स्वेटर, तो ऑगस्टातही घालायचा. उजव्या कोपराला खडूची भुकटी. मान किंचित डावीकडे कललेली, ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. अकरा वर्षं मी ही पाठ रोज बघितली होती, त्याच्या तोंडापेक्षा मला ती जास्त ओळखीची होती. नऊ वर्षांनी पाठ होती तशीच राहिली होती. तोंडाचं मला माहीत नव्हतं.

मी घाबरलो होतो. इतका, की "बरोबर" हा शब्द जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर खडू चालू लागला असता, सिद्धतेच्या चाळीसही ओळी पूर्ण झाल्या असत्या, चौदा नंबर एकदाचा लिहून झाला असता. जगातल्या सगळ्यांना तो वाचल्याचं आठवलं असतं, ऋतिकाला नोकरी मिळाली असती, आणि मला ते तोंड कधीच बघावं लागलं नसतं. खालच्या सभागृहात माइक सुरू झाला. संचालक माझं नाव घेत होते, मर्यादेचं नाव घेत होते, आणि पुन्हा एकदा तो आकडा सांगत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. एकतिसावी ओळ पहिल्या चिन्हापासून शेवटच्या चिन्हापर्यंत वाचली. सावकाश वाचली, तेव्हा वाचायला हवी होती तशी.

"चूक," मी म्हणालो.

पाठ हलली नाही. मग लाकडी पट्टीवर खडू ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

हिरवा खांदा वळायला लागला, तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. ते ओळीवर ठेवले, दोन अनंतं जिथं जागा बदलतात त्या ठिकाणी. तो कुठं म्हणून विचारणार होता, आणि या वेळी मला सांगता येणार होतं.